घरीं बांधलेलें विमान

विमान म्हटलें म्हणजे मोठा कारखाना, शेंकडों कामगार आणि कोट्यवधि रुपयांची यंत्रसामग्री असें चित्र श्रोत्यांच्या डोळ्यांपुढें उभें राहणें स्वाभाविक आहे. प्रवाशांचीं मोठीं विमानें तशींच तयार होतात, हें खरेंही आहे. परंतु अमेरिकेंत गेलीं कित्येक वर्षें एक निराळाच उद्योग चालत आला आहे. तेथें दोन किंवा चार आसनांचें, एका इंजिनाचें छोटें विमान सामान्य मनुष्य आपल्या घरास लागून असलेल्या मोटारखान्यांत स्वतःच्या हातांनीं बांधतो, आणि बांधून झाल्यावर त्यांतच बसून आकाशांत जातो. रिचर्ड व्हॅनग्रन्सव्हेन नांवाच्या अभियंत्यानें ओरेगन राज्यांत १९७० नंतरच्या दशकांत काढलेल्या एकाच कारखान्याच्या सामानापासून लोकांनीं घरीं बांधून उडविलेल्या विमानांची संख्या ११,००० च्या वर गेली आहे. यावरून हा दहा-वीस विक्षिप्त माणसांचा नाद नव्हे, हें ध्यानांत येईल.

सामान घरीं येतें तें लांकडी खोक्यांतून. पहिल्या खोक्यांत बहुधा शेपटीचे भाग असतात. त्यानंतर पंख, मग धड, आणि शेवटीं इंजिन व पंखा, अशी खरेदी हप्त्याहप्त्यानें करतां येते. ही योजना शहाणपणाची आहे. आधीं शेपूट बांधून पाहावी; हात बसत नाहीं असें दिसलें तर तेथेंच थांबावें, नुकसान बेताचें होतें. अनेकांचें विमान त्या शेपटीपाशींच थांबतें, हेंही सांगितलें पाहिजे. कारण पुरें विमान बांधावयास सुमारें १,५०० ते २,००० तास लागतात, आणि पोटाचा धंदा संभाळून संध्याकाळ व रविवार यांतूनच ते काढावयाचे असल्यामुळें चार-पांच वर्षें सहज निघून जातात. तेवढ्या काळांत मोटार बिचारी दाराबाहेर पावसांत उभी असते आणि घरांतील मंडळींच्या सहनशीलतेची परीक्षा होत असते.

अमेरिकन सरकारचा याविषयींचा नियम मोठा मार्मिक आहे. विमानाच्या कामाचा अर्ध्याहून अधिक भाग हौशी मनुष्यानें, शिक्षणाकरितां किंवा करमणुकीकरितां, स्वतः केलेला असला पाहिजे. तसें असेल तर त्या विमानास ‘प्रायोगिक’ या सदरांत परवाना मिळतो, आणि तो शब्द आंत शिरणाऱ्यास दिसेल अशा ठिकाणीं ठळक अक्षरांत लिहावा लागतो. शिवाय, हें विमान कारखान्याच्या विमानांस लागू असणाऱ्या सुरक्षिततेच्या नियमांप्रमाणें बनविलेलें नाहीं, अशी सूचनाही उतारूच्या डोळ्यांसमोर लावावी लागते. सरकार मना करीत नाहीं. पण मित्राच्या विमानांत बसणाऱ्यानें उघड्या डोळ्यांनीं बसावें, एवढें तें पाहतें.

हें काम एकट्यानें करणारे लोकही आहेत. तथापि दुसऱ्या माणसाची गरज तेथें पदोपदीं भासते, आणि ती केवळ जड वस्तु उचलण्यापुरती नसते. ती कशी, हें समजण्यासाठीं धातूचा पंख कसा बांधतात तें थोडें बारकाईनें पाहिलें पाहिजे.

पंखाच्या आंत फांसळ्या असतात व त्यांवर ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा पत्रा बसवितात. हा पत्रा एक मिलिमीटरहूनही पातळ असतो. तो फांसळीस जोडावयाचा म्हणजे प्रथम दोहोंतून छिद्रें पाडावयाचीं, मग सर्व भाग पुन्हां सुटे करून प्रत्येक छिद्राची कड दोन्ही बाजूंनीं साफ करावयाची. गिरमिटाच्या छिद्राकांठीं जो सूक्ष्म कांटेरी उंचवटा राहतो, तेथूनच पुढें पत्र्यास चीर जाण्यास आरंभ होऊं शकतो. अलीकडे कारखानाच बहुतेक छिद्रें पाडून देतो, तरी कड साफ करणें कोणासही चुकत नाहीं. नंतर छिद्राभोंवतींचा पत्रा किंचित् दाबून वाटीसारखा खोलगट करावयाचा, म्हणजे रिव्हेटाचें डोकें त्या वाटींत बसून पंखाचा पृष्ठभाग सपाट राहतो व वारा अडत नाहीं. इतकें झाल्यावर रिव्हेट मारावयाचा. एका विमानांत असे रिव्हेट १०,००० हून अधिक असतात.

कांहीं रिव्हेट मोठ्या चिमट्यानें दाबून बसवितां येतात व तें काम एकट्यासही साधतें. पण पंखाच्या मध्यावर चिमटा पोंचत नाहीं. तेथें दोघे लागतात. बाहेरून एकानें हवेच्या दाबावर चालणारी हातोडी रिव्हेटाच्या डोक्यावर धरावयाची, आणि आंतून दुसऱ्यानें त्याच्या शेपटावर पोलादाचा गुळगुळीत ठोकळा टेकवून धरावयाचा. आघात बाहेरून होतो. पण शेपूट चेपलें जाऊन सांधा घट्ट होतो तो आंतल्या ठोकळ्यामुळें. ठोकळा जागेवर नसतां हातोडी सुरू झाली तर पत्र्यास पोंचा येतो. हातोडी तिरपी झाली तर पत्र्यावर चंद्रकोरीसारखा वण उठतो, व रंग दिल्यावरही तो बांधणाऱ्यास जन्मभर दिसत राहतो. शेपूट किती चेपावें याचें माप ठरलेलें आहे: चेपल्यावर त्याची रुंदी रिव्हेटाच्या मूळ जाडीच्या दीडपट आणि उंची जाडीच्या निम्मी असावी. कमी चेपला तर सांधा सैल; जास्त चेपला तर रिव्हेटास तडा जाण्याची भीति.

आतां यांतील खुबी अशी कीं, हातोडी धरणाऱ्यास आपण मारलेला रिव्हेट कसा बसला हें दिसतच नाहीं. त्याला दिसतें तें डोकें, आणि डोकें बहुधा सुरेखच दिसतें. खरा प्रकार आंत, अंधारांत, कोंपरापर्यंत हात घालून बसलेल्या सोबत्यास ठाऊक असतो. हातोडीच्या कडकडाटांत बोललेलें ऐकूं येत नाहीं, कानांत बोळे घातलेले असतात. म्हणून विमानाच्या कारागिरांत ठोक्यांची एक खूण चालत आली आहे. आंतल्यानें रिव्हेटावर एक ठोका दिला तर ‘अजून मार’. दोन ठोके दिले तर ‘ठीक बसला’. आणि तीन ठोके दिले तर ‘हा बिघडला, काढून टाक’.

पहिल्या दोन खुणा देण्यास कोणासही कष्ट पडत नाहींत. सारी अडचण तिसऱ्या खुणेची. रात्रीचे अकरा वाजलेले असतात, वीस-पंचवीस रिव्हेट उरलेले असतात, मोटारखान्यांत थंडी असते, आणि विमान मित्राचें असतें. बिघडलेला रिव्हेट काढणें हें मारण्याहून नाजूक काम. त्याच्या डोक्यांत नेमकें मध्यावर गिरमिट चालवावें लागतें, डोकें हलकेच उडवून मग दांडी बाहेर काढावी लागते. आणि यांत मूळ छिद्र मोठें झालें तर तेथें अधिक जाडीचा रिव्हेट घालण्यावांचून गत्यंतर नसतें. अशा वेळीं आपल्याकडील ‘चालेल’ हा शब्द जगांतील सर्व भाषांत तोंडाशीं येत असला पाहिजे. गंमत अशी कीं, कित्येकदां तो शब्द बरोबरही असतो. किंचित् वांकडा बसलेला रिव्हेट काढण्याच्या भरांत पत्र्याचें छिद्र फाडण्यापेक्षां तो तसाच राहूं देणें श्रेयस्कर, असें अनुभवी लोक सांगतात. म्हणजे सोबती नुसता चुका दाखविणारा असूनही भागत नाहीं. कोणती चूक पोटांत घालावी व कोणती घालूं नये, याचा विवेक त्याच्याजवळ असावा लागतो. आणि तीन ठोके देण्याची वेळ आली तर तेवढी मैत्री पक्की असावी लागते.

शाळेंत हा प्रकार नित्याचाच आहे. पाटीवरील गणितांतली चूक ती लिहिणाऱ्यास दहा वेळां वाचूनही सांपडत नाहीं, आणि शेजारच्या मुलास ओझरत्या नजरेनेंही दिसते. लिहिणारा आपण काय लिहिलें तें वाचीत नसून काय लिहावयाचें होतें तें वाचीत असतो. पाटीवर ती चूक पुसतां येते, एवढाच काय तो भेद.

घरगुती विमानांच्या जुन्या इतिहासांत याच गोष्टीचें प्रत्यंतर दोन निरनिराळ्या रीतींनीं येतें. मिनेसोटा राज्यांतील चेरी ग्रोव्ह हें लहानसें खेडें. तेथें बर्नार्ड पीटेनपोल नांवाचा यांत्रिक राहत असे. विमानविद्येचें शिक्षण त्यानें कोणत्याही विद्यालयांत घेतलें नव्हतें. विमानाचीं इंजिनें महाग, म्हणून फोर्ड कंपनीच्या ‘मॉडेल ए’ मोटारीचें सुमारें ४० अश्वशक्तींचें इंजिन लांकूड व कापड यांच्या विमानावर चढवून त्यानें तें १९२९ सालीं उडविलें. मोटारीच्या इंजिनावर विमान चालविण्याची कल्पना व्यवहार्य नाहीं, असें मत एका यांत्रिक विषयांच्या मासिकाच्या संपादकानें छापलें होतें. त्यास पीटेनपोलनें उत्तर दिलें तें लेखणीनें नव्हे. १९३० सालीं त्याचीं दोन विमानें चेरी ग्रोव्हहून उडून मिनिआपोलिसजवळ त्या संपादकाच्या समोर जाऊन उतरलीं. पुढें १९३२ सालीं त्या विमानाचे आराखडे ‘फ्लाइंग अँड ग्लायडर मॅन्युअल’ या पुस्तिकेंत प्रसिद्ध झाले.

हे आराखडे पीटेनपोलच्या हातचे नव्हते. ते त्याचा तरुण सोबती ओरिन हूपमन यानें काढले. कसबी कारागिराच्या डोक्यांत मापें असतात, हातांत अंदाज असतो. पण कागदावर रेघ ओढावयाची म्हटली कीं ‘येथें जाडी किती?’, ‘हा खिळा कां?’, ‘ही पट्टी नसली तर?’ असे प्रश्न दुसऱ्यानें विचारल्यावांचून आराखडा पुरा होत नाहीं. त्या रेघांवरून शेंकडों अनोळखी माणसांनीं आपापल्या कोठारांत तें विमान बांधलें, आणि ‘एअर कँपर’ या नांवानें तें आजही नव्यानें बांधलें जातें. हूपमनचें नांव त्या मानानें फार थोड्यांस ठाऊक आहे, ही गोष्ट न्यायाची म्हणतां येत नाहीं.

दुसरी कथा फ्रान्समधील, आणि ती इतकी सुखाची नाहीं. आंरी मिन्ये हा मोठा कल्पक व मोठा रसाळ लिहिणारा गृहस्थ. रूढ पद्धतीच्या विमानाचें हातापायांनीं एकाच वेळीं करावयाचें नियंत्रण त्यास रुचेना. तेव्हां त्यानें पायांचें काम काढूनच टाकलें. पुढचा पंख बिजागरीवर वरखालीं हलणारा, त्याच्या मागें जवळच दुसरा स्थिर पंख, आणि दिशा वळविण्यास मोठें सुकाणू, एवढ्यावर त्यानें आपलें चिमुकलें विमान बेतलें व १० सप्टेंबर १९३३ रोजीं तें उडविलें. त्याचें नांव ‘आकाशांतील ऊ’ अशा अर्थाचें. इंग्रजांनीं त्याचें ‘उडती पिसू’ केलें. १९३४ सालीं त्याचें पुस्तक निघालें. ज्यास लांकडी खोकें खिळे ठोकून नीट करतां येतें त्यास हें विमानही बांधतां येईल, असा त्यांतील सांगण्याचा रोख होता. १३ ऑगस्ट १९३५ रोजीं मिन्ये स्वतः त्यांत बसून इंग्लिश खाडी ओलांडून इंग्लंडांत उतरला, आणि त्या देशांत पिसवांची एकच लाट उसळली. दुकानदार, कारकून, यांत्रिक, शाळेंतले मोठे मुलगे, जो तो करवत घेऊन बसला.

लवकरच अपघात होऊं लागले. विमान नाक खालीं करून सुरकन् खालीं येई, व दांडा कितीही ओढला तरी वर उठत नसे. कित्येक माणसें दगावलीं. तेव्हां १९३६ सालीं फ्रान्समध्यें व इंग्लंडांत तेंच विमान मोठ्या वायु-बोगद्यांत बांधून त्यावर वारा सोडून पाहण्यांत आलें. दोष दिसून आला तो असा: नाक एका मर्यादेपलीकडे खालीं गेलें म्हणजे पुढच्या व मागच्या पंखांच्या फटींतून वाहणाऱ्या वाऱ्यामुळें मागचा पंख अधिकाधिक उचलला जाई. चालकानें दांडा ओढून पुढचा पंख उंचावला कीं ती फट आणखी बिघडे आणि नाक आणखी खालीं दाबलें जाई. म्हणजे वांचण्यासाठीं जें करावयाचें तेंच घातास कारण होई. मिन्येचें स्वतःचें विमान हलक्या हाताचें, त्याच्या संवयीचें. ती मर्यादा त्यानें क्वचितच गांठली असेल. इतरांनीं लहानमोठे फेरफार करून, वजन वाढवून, शिक्षण नसतां तीं विमानें उडविलीं. दोष पुढें सुधारण्यांत आला, सुधारलेलीं विमानें उत्तम उडालीं, व त्यांचे वंशज फ्रान्समध्यें अद्यापि बांधले जातात. पण गेलेला विश्वास त्या पिढींत परत आला नाहीं.

मिन्येस दोष देणें सोपें आहे, पण तें पुरतें न्याय्य नाहीं. त्यानें आपला प्राण आधीं पणाला लावला होता. उणीव एवढीच राहिली कीं, हजारों वाचकांच्या हातीं पुस्तक पडण्यापूर्वीं ‘हें असेंच कां?’ म्हणून वाऱ्याच्या बोगद्यासमोर उभें करणारा कोणी त्याच्याजवळ नव्हता. वाचकांनाही तो मिळाला नाहीं. त्यांना मिळाले ते त्यांच्यासारखेच उत्साही लोक.

ही उणीव ओळखून अमेरिकेंत पुढें व्यवस्था झाली. १९५३ सालीं पॉल पोबेरेझ्नी यांनीं मिलवॉकी येथें विमानें बांधणाऱ्या हौशी लोकांची एक संस्था स्थापिली. तिचें ठाणें आतां विस्कॉन्सिन राज्यांतच ऑशकॉश येथें आहे. तिच्यातर्फें अनुभवी सभासद नव्या बांधणाऱ्याच्या घरीं जाऊन, पत्रा बंद होण्यापूर्वीं आंतलें काम पाहून येतात. त्याबद्दल वेतन घेत नाहींत. पाहुणा तिऱ्हाईत असल्यामुळें मित्राला जें बोलवत नाहीं तें तो बोलूं शकतो. सरकारी निरीक्षकही शेवटीं येतो, परंतु त्या वेळीं विमान पुरें झालेलें असतें, व बंद पंखाच्या पोटांत काय आहे हें तो छायाचित्रांवरून व रोजच्या नोंदवहीवरूनच ताडणार.

दोन मित्रांनीं मिळून विमान बांधलें तर कागदावर एक चमत्कारिक अडचण येते. विमानाच्या वार्षिक तपासणीवर सही करण्याचा जो दाखला बांधणाऱ्यास मिळतो तो एका विमानामागें एकासच मिळतो. दोघांनीं हजार-हजार तास घातलेले असले तरी सही एकाची. दोन्ही मनांनीं हें आरंभींच ठरवून घेतलेलें बरें. इंजिनाचे पैसे भरण्याच्या वेळीं हा विषय निघाला तर पंख एकाच्या घरीं व धड दुसऱ्याच्या घरीं अशी वांटणी होण्यास वेळ लागत नाहीं.

आपल्याकडे या उद्योगास अमेरिकेसारखी मोकळीक नाहीं. मुंबईस कांदिवली येथें कॅप्टन अमोल यादव या वैमानिकानें राहत्या इमारतीच्या गच्चीवर सहा आसनांचें विमान बांधलें. तें खोक्यांतून आलेल्या सामानाचें नसून स्वतः आंखलेलें होतें, आणि त्यापूर्वींचे त्यांचे दोन प्रयत्न उड्डाणापर्यंत पोंचले नव्हते. २०१६ च्या फेब्रुवारींत मुंबईच्या प्रदर्शनांत तें लोकांनीं पाहिलें. नोंदणी मिळाली २०१७ च्या नोव्हेंबरांत, आणि उडविण्याची परवानगी २०१९ सालीं. घरीं बांधलेल्या विमानास कोणत्या रकान्यांत बसवावें हा प्रश्न सुटण्यास पत्रा ठोकण्याहून अधिक धीर लागला. मिन्येची कथा ऐकल्यावर अधिकाऱ्यांच्या सावधपणास नांवें ठेवणें अवघड जातें. पण रकानाच नसणें म्हणजे सावधपणा नव्हे, हेंही तितकेंच खरें.

विमान पुरें झालें म्हणजे तें तीन वजनकांट्यांवर, प्रत्येक चाकाखालीं एक याप्रमाणें, उभें करून तोलतात व भाराचा मध्य कोठें पडतो तें काढतात. मग नियंत्रणाची तपासणी. एक मित्र आसनावर बसतो, दुसरा बाहेर उभा राहतो. आंतला दांडा डावीकडे करतो. बाहेरच्यानें डाव्या पंखाची झडप वर व उजव्याची खालीं गेली असें मोठ्यानें सांगावयाचें. हें पोरकट वाटतें. पण तारा उलट्या जोडल्या गेल्यामुळें पहिल्याच उड्डाणांत विमानें पडलेलीं आहेत, आणि ज्यानें स्वतः त्या जोडल्या त्यास त्या सरळच दिसत होत्या.

पहिलें उड्डाण हा साऱ्यांत कठीण प्रसंग. अमेरिकेच्या वाहतूक-सुरक्षा मंडळानें २०१२ सालीं घरगुती विमानांच्या अपघातांचा अभ्यास प्रसिद्ध केला. इतर कोणत्याही उड्डाणापेक्षां पहिल्याच उड्डाणांत अधिक अपघात होतात, असें त्यांत आढळलें. बहुधा दोन गोष्टी एकत्र येतात: विमान नवें असतें आणि बांधण्याच्या चार-पांच वर्षांत उडण्याची संवय सुटलेली असते. शिवाय पूर्वीं नियम असा होता कीं, चाचणीच्या पहिल्या २५ किंवा ४० तासांत चालकाखेरीज कोणी बसूं नये. हेतु चांगला होता, एकाऐवजीं दोघांचा जीव धोक्यांत पडूं नये. पण इंधन पोंचेनासें झालें, इंजिन अडखळलें, म्हणजे एकट्या माणसानें विमान संभाळावें कीं कांटे पाहावे?

२०१४ सालीं तेथील हवाई खात्यानें कांहीं अटींवर दुसऱ्या वैमानिकास बरोबर नेण्याची मुभा दिली. विमानाच्या जातीचा पुरेसा अनुभव असलेला माणूस आरंभापासून शेजारी बसूं शकतो, आणि कांहीं ठराविक चाचण्या पार पडल्यावर बांधणाराही दुसरा म्हणून बसूं शकतो. तो उतारू मानला जात नाहीं. त्यास काम नेमून दिलेलें असतें. एकानें धांवपट्टीकडे पाहावयाचें, दुसऱ्यानें तेलाचा दाब व उष्णता वाचून सांगावयाची. फेरी बहुधा विमानतळावरच, इंजिन बंद पडलें तरी उतरतां येईल इतक्या अंतरांत, घालतात. विमान खालीं आलें कीं इंजिन थंड होईपर्यंत थांबून त्यावरचीं झांकणें काढतात, आणि दोघेही दिवा घेऊन कोठें तेलाचा ठिपका आहे का, एखादी चक्री ढिली झाली आहे का, तें पाहूं लागतात.